गावात झाडं कुठे लावायची आणि कुठे मुळीच लावायची नाहीत? सातारा-सांगलीकडे बघून समजून घ्या

जुलै २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मिरज तालुक्यातलं भोसे हे गाव एकदम सगळ्यांच्या मोबाईलवर आलं. कारण होतं एक वडाचं झाड. यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळचा, चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा हा वड रत्नागिरी-नागपूर राष्ट्रीय महामार्गाच्या आड येत होता. झाड तोडायचं ठरलं, पर्यावरणप्रेमी आणि गावकरी रस्त्यावर उतरले, हॅशटॅग चालले, तत्कालीन पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना पत्र लिहिलं आणि शेवटी रस्त्याच्या आखणीत बदल झाला. वड वाचला.

पुढची बातमी मात्र तेवढी फिरली नाही. जून २०२२ मध्ये हाच वड उन्मळून पडला.

अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'एक झाड गेलं तर काय झालं, शंभर लावू.' दर पावसाळ्यात राज्यभर हेच वाक्य कृतीत उतरतं. राज्य सरकारने २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. ग्रामपंचायत, शाळा, गणेश मंडळ, बँक, वाढदिवस, सगळीकडे खड्डे खणले जातात आणि एका रोपाला पाच हात लागलेला फोटो येतो.

प्रश्न असा, की यातून गावातलं जीवन खरंच वाढतं का? म्हणजे पक्षी, फुलपाखरं, मधमाश्या, सरडे, गवतं, रानफुलं? उत्तर 'कधी हो, कधी नाही' असं आहे. आणि हे कधी-कधी नेमकं कशावर ठरतं, हे समजून घ्यायला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांइतकी चांगली जागा नाही.

शंभर किलोमीटरमध्ये सगळं बदलतं

मुळात हे दोन जिल्हे एकच होते. १९४९ मध्ये साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा काढला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. नकाशावर पश्चिमेला सह्याद्रीची धार आहे. तिथे महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभर किलोमीटरच्या आसपास गेलं की माण तालुका येतो, आणि तिथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या घरात. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हा सगळा पट्टा दुष्काळी म्हणूनच ओळखला जातो. मध्ये कृष्णाकाठ, म्हणजे काळी जमीन आणि ऊस.

त्यामुळे 'सातारा-सांगलीत कोणती झाडं लावावीत' या प्रश्नाला एक उत्तर असूच शकत नाही. जावळीत जांभूळ, हिरडा, पिसा, गेळा आपसूक येतात. माणमध्ये बोर, बाभूळ, हिवर, पळस, कडुनिंब, सौंदड टिकतात. एकाच रोपवाटिकेतून एकाच यादीची रोपं दोन्हीकडे गेली, तर एका ठिकाणी ती मरणार आणि दुसऱ्या ठिकाणी जगली तरी परकीच राहणार.

सरकारी कार्यक्रमांत नेमकं हेच वर्षानुवर्षं झालं. निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प, गुलमोहर ही झाडं भरपूर लागली. त्यामागे कारण होतं. ती लवकर वाढतात आणि यातली बरीचशी गुरं-शेळ्या खात नाहीत, म्हणजे राखण करायचा खर्च वाचतो. गिरिपुष्पाला तर गावाकडे उंदीरमारीच म्हणतात. पण जे पान शेळी खात नाही, ते आपल्याकडच्या बहुतेक अळ्याही खात नाहीत. अळ्या नाहीत तर फुलपाखरं नाहीत, आणि पिल्लांना भरवायला अळ्या शोधणारे पक्षीही नाहीत. डोंगर लांबून हिरवा दिसतो, आत शिरलं की शांतता असते.

गिरिपुष्प वाईटच आहे असं नाही. बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते उत्तम. डोंगरावर जंगल म्हणून लावलं की गडबड होते.

सागरेश्वर: माणसांनी उभं केलेलं जंगल

हात लावून जंगल उभं राहतं का, याचं उत्तर सांगली जिल्ह्यात आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रेजवळ सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्रफळ जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर, अभयारण्याचा दर्जा १९८५ चा. त्याची ओळखच 'मानवनिर्मित अभयारण्य' अशी आहे, आणि यामागे मोहित्यांचे वडगावचे स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांचा ध्यास होता. उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडं लावून, राखून हे रान वाढवलं गेलं. नंतर सांबर, चितळ, काळवीट सोडण्यात आले.

आज तिथे मोर आहेत, हरणं आहेत, पायथ्याला प्राचीन मंदिरांचा समूह आहे. कमी पावसाच्या भागात लोकांच्या चिकाटीने एवढं होऊ शकतं, हे मोठंच यश.

पण सागरेश्वर आणखी एक गोष्ट दाखवतं, आणि ती सहसा सांगितली जात नाही. इथे बारमाही पाणी नाही, त्यामुळे पाणवठे माणसांनाच भरावे लागतात. हरणांची संख्या वाढली, आजूबाजूला बागायत आली आणि हरणं पिकांत उतरू लागली. म्हणजे झाडं लावून आणि प्राणी सोडून काम संपलं नाही, उलट तिथून ते सुरू झालं. जंगलाला स्वतःचं पाणी, स्वतःचं गवत, स्वतःचा समतोल लागतो, आणि तो यायला माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

अशी पिकलेली जंगलंही याच भागात आहेत. जावळी, पाटण, शिराळा पट्ट्यात देवाच्या नावाने राखलेल्या देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांच्याकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं. देवराईत उंच झाडं असतात, त्यांच्या अंगावर गारंबीसारख्या महाकाय वेली असतात, खाली झुडपं, त्याखाली पालापाचोळा, त्यात बुरशी आणि किडे. पडलेलं लाकूडही कुणी उचलत नाही. आणि नेमकं ते सडकं लाकूडच शेकडो जिवांचं घर असतं.

साताऱ्याचेच अभिनेते सयाजी शिंदे यांनी आपल्या चळवळीला 'सह्याद्री देवराई' हे नाव दिलं ते यावरूनच. माणमधल्या म्हसवडसह राज्यात अनेक ठिकाणी त्यांनी देशी झाडं लावली. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळच्या पालवणला त्यांनी वृक्षसंमेलन भरवलं, तेव्हा संमेलनाध्यक्ष होता वड. कल्पना भन्नाट होती, आणि निवडही अचूक होती. वड, पिंपळ, उंबर ही सगळी अंजिराच्या कुळातली झाडं. त्यांची फुलं फळाच्या आत लपलेली असतात आणि जवळपास प्रत्येक जातीची स्वतःची अशी एक बारीकशी गांधीलमाशी त्यांचं परागीकरण करते. ही माशी जगायची तर परिसरातल्या कुठल्या ना कुठल्या झाडाला सतत फळ हवं. त्यामुळे बाकी रानात खायला काही नसतं तेव्हाही वडा-उंबरावर काहीतरी मिळतं. हरियल, धनेश, तांबट, वटवाघळं सगळी तिथे जमतात, बिया घेऊन जातात आणि गावभर टाकतात. भोशाचा वड पडला तेव्हा एवढं सगळं एकदम गेलं. शंभर गुलमोहरांनी ते भरून येत नाही.

फुलांचं पठार आणि उथळ माती

आता रानफुलांकडे. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर कास पठार आहे. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं. त्यातली चार महाराष्ट्रात आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे चारपैकी तीन सातारा-सांगलीच्या अंगणात.

कासला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेरडा, सीतेची आसवं, गेंद, मिकी माऊस, सोनकी, चवर यांचे गालिचे पसरतात. वायतुरा नावाची पाणवनस्पती आहे, तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते.

हे सगळं का फुलतं? कारण तिथली जमीन गरीब आहे. खाली जांभ्याचा कातळ, वर काही इंचांची माती. पावसाळ्यात पाणी साचतं आणि दिवाळीनंतर सगळं तापतं. मोठ्या झाडाला इथे मूळ धरायला जागा नाही. मातीत नत्र इतकं कमी, की सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती चक्क बारीक जीव पकडून खातात. झाडं आणि दाट गवत इथे जोर धरू शकत नाही, म्हणून तर इवल्याशा फुलांना ऊन आणि जागा मिळते.

अशा सड्यावर कोणी 'ओसाड आहे' म्हणून ट्रॅक्टरने माती आणून टाकली, शेणखत घातलं आणि वृक्षारोपण केलं, तर काय होईल? झाडं बहुधा मरतील. पण त्याआधी फुलं मरतील.

कासला झाडं नाही लावली, कुंपण घातलं. पर्यटकांची गर्दी थोपवण्यासाठी वन विभागाने लोखंडी जाळी लावली. जाळीमुळे माणसं थांबली तशी गुरंही थांबली. मग स्थानिक लोक म्हणू लागले, की चराई बंद झाल्याने गवत वाढलं आणि फुलं कमी झाली. यावर बराच वाद झाला आणि पुढे जाळी काढण्यात आली. चराईचा आणि फुलांचा नेमका संबंध जातीजातीप्रमाणे वेगळा असतो, त्यामुळे 'गुरं चांगली' किंवा 'गुरं वाईट' असं सरसकट म्हणता येत नाही. पण शेकडो वर्षं गुरं चरत असलेल्या जागेवर एका रात्रीत चराई थांबवली, तर तिथलं गणित बदलणारच. पठाराचं व्यवस्थापन कास, एकीव, आटाळी, कासाणी या गावांच्या समित्यांकडे आलं. फुलं मोजायला तज्ज्ञ लागतात, हे खरं. पण गवत कुठल्या वर्षी वाढलं, हे गुराख्यालाच माहीत असतं.

कास बघून आलेल्या अनेक गावांना, शाळांना, रिसॉर्टवाल्यांना वाटतं की आपल्याकडेही असा गालिचा करू. मग ऑनलाइन 'वाइल्डफ्लॉवर मिक्स'ची पाकिटं येतात. त्यात बहुतेक वेळा कॉसमॉस, झेंडू, झिनिया अशी परदेशी बागेतली फुलं असतात. कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. दिसायला सुंदर, रीलसाठी तर फारच. पण तो बी टाकून पसरतो, आणि पश्चिम घाटातल्या टेकड्यांवर तो पसरल्याचं वनस्पती अभ्यासक वारंवार सांगतात. घाणेरी आणि रानमोडीही अशाच बाहेरून आल्या. आज त्यांनी किती डोंगर व्यापलेत ते कुठल्याही ट्रेकरला विचारा.

कासची फुलं दुसरीकडे पेरूनही येत नाहीत. ती त्या कातळाची आहेत. प्रत्येक गावाची स्वतःची रानफुलं असतात, फक्त ती बांधावर, ओढ्याकाठी आणि गायरानात असल्याने कुणी त्यांचे फोटो काढत नाही. माणदेशातला तरवड घ्या. पाणी नाही, खत नाही, तरी जवळपास वर्षभर पिवळाधमक. रुई घ्या. मारुतीला हार घालण्यापलीकडे तिची आठवण होत नाही, पण बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. रुई उपटली की त्या अळ्यांचं खाणंही गेलं. 'तण' म्हणून रस्त्याकडेला फवारणी केली की एका दुपारी हे सगळं संपतं. ग्रामपंचायतीने ती फवारणी थांबवली आणि कडेचं गवत फुलं गळून बी पडल्यावर, म्हणजे नोव्हेंबरनंतर कापायचं ठरवलं, तर रानफुलांसाठी याहून स्वस्त योजना नाही. खर्च शून्य.

माळ रिकामा नसतो

सगळ्यात जास्त चूक होते ती माळरानांवर. सरकारी कागदांत माळ म्हणजे 'पडीक'. वृक्षारोपणाला जागा शोधायची म्हटलं की पहिलं बोट गायरानावर आणि माळावर जातं.

माण, आटपाडी, जतचा माळ उन्हाळ्यात खरंच उजाड दिसतो. पाऊस पडला की तिथे पवना, डोंगरी, मारवेल, कुसळी अशी गवतं उठतात. या गवतावर लांडगा, खोकड, ससा, चंडोल, धाविक, माळटिटवी जगतात. यातल्या पक्ष्यांना घरटं झाडावर नको असतं, ते जमिनीवर अंडी घालतात. उलट माळावर रांगेत झाडं उभी राहिली की त्यांवर बसून कावळे आणि ससाणे अंडी-पिल्लं टिपतात. आणि या गवतावरच धनगरांचे कळप फिरतात. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी याच कोरड्या रानात तयार झालेली जात आहे. माळावर चर खणून दाट झाडी लावली तर मेंढपाळाची वाट बंद होते, आणि भांडण सुरू होतं. रोपं 'मेंढरांनी खाल्ली' असं पंचनाम्यात लिहिलं जातं. मेंढरं तिथे आधीपासून होती, हे कुणी लिहीत नाही.

म्हणून माळावर काम करायचं तर आधी गवताचं. काही भाग दोन-तीन पावसाळे आलटून पालटून चराईबंद ठेवायचा, तोही मेंढपाळांना बैठकीला बोलावून. कुसळीच फक्त उरली असेल तर पवना आणि मारवेलचं बी टाकायचं. झाडं लावायचीच तर ओढ्याच्या कडेला, खोलगट जागी, बांधावर, आणि तीही बोर, बाभूळ, हिवर अशी विखुरलेली. पानी फाउंडेशनच्या समृद्ध गाव स्पर्धेत पाणी आणि मातीबरोबर गवताळ कुरणांनाही स्थान दिलं गेलं, ही या दृष्टीने चांगली दिशा होती. त्याआधीच्या वॉटर कप स्पर्धेत साताऱ्याच्या गावांनी दोनदा बाजी मारली. २०१६ ला कोरेगावच्या वेळूने आणि २०१८ ला माणच्या टाकेवाडीने. श्रमदानाची सवय या भागाला आहे, त्याबद्दल शंकाच नाही. फावडं कुठे मारायचं हा प्रश्न आहे.

फुलांचे पैसे होतात का?

होतात. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. खादी व ग्रामोद्योग मंडळाने ते पुढे आणलं. तिथली बहुतांश कुटुंबं मधपेट्या ठेवतात, त्यात सातेरी जातीच्या देशी माश्या असतात. या भागात मध फुलावरून ओळखला जातो: जांभळाचा, हिरड्याचा, गेळ्याचा, व्हायटीचा. व्हायटी कारवीच्या नात्यातली, तीही काही वर्षांतून एकदाच फुलणारी. म्हणजे जंगल तुटलं तर मधाची एक चवच बाजारातून जाते.

सांगलीकडे गणित थोडं वेगळं. तासगावच्या द्राक्षाला मधमाशीची फारशी गरज नसते, त्याचं परागीकरण स्वतःचं स्वतः होतं. 'मधमाशा वाचवा, द्राक्षं वाचवा' अशी पोस्ट दिसली तर ती थोडी जपूनच शेअर करा. पण आटपाडीचं डाळिंब, शिवाय सूर्यफूल, शेवगा, काकडी-भोपळ्याची पिकं, कांद्याचं बियाणं यांना माश्या लागतात. सातेरी माशी पेटीपासून साधारण एक-दीड किलोमीटर फिरते. पीक फुलतं महिनाभर, माशीला पोट मात्र बारा महिने असतं. उरलेले अकरा महिने ती काय खाणार, ते गावातली झाडं आणि बांध ठरवतात.

कोरड्या गावात हे वर्ष असं जुळतं. जानेवारी ते मार्च पळस, पांगारा, काटेसावर. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब, मग करंज, शिरीष, बहावा. मेच्या शेवटी चिंच. पावसाळ्यात तेरडा, टाकळा, बाभूळ. सप्टेंबर-ऑक्टोबरला बोर. आणि मधल्या फटी बुजवायला तरवड. गावात यातलं काय आहे आणि कुठला महिना रिकामा जातो हे पाहिलं, की काय लावायचं ते कळतं. त्यासाठी तज्ज्ञ यायची वाट बघावी लागत नाही.

नोंदवही, जी बहुतेकांनी उघडलेली नाही

गावात काय आहे हे पाहायचं काम खरं तर कायद्यानेच सांगितलं आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली, नाहीतर राज्यांना दंड. मग देशभर धावपळ झाली आणि नोंदवह्या भरल्या गेल्या. घाईत भरलेल्या नोंदवहीत काय दर्जा असणार, हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या दोन गावांच्या याद्या शब्दशः सारख्या निघाल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

तरी ही नोंदवही कामाची आहे, कारण ती गावाची आहे आणि दुरुस्त करता येते. ग्रामसेवकाकडे मागून बघा. म्हातारी माणसं, वैदू, गुराखी, मधवाले आणि सरपणाला जाणाऱ्या बायका यांना घेऊन एकदा शिवारफेरी केली, की कुठला ओढा पूर्वी वाहायचा, कुठे करवंदांच्या जाळ्या होत्या, कुठल्या बांधावरचा उंबर तुटला ते बाहेर येतं. रोपांची यादी तिथून निघते. ओढ्याला करंज-उंबर-जांभूळ, शेताच्या कुंपणाला करवंद-निर्गुडी-अडुळसा, शाळेत बहावा-आपटा, आणि माळाच्या रकान्यात कधीकधी फक्त 'काही लावू नये' असं.

जगवायचं कसं

इथे पैशांचा भाग येतो. खड्डा, रोप आणि फोटोचा खर्च एका दिवसाचा. पाणी आणि राखण तीन उन्हाळ्यांची. देणगी देणाऱ्याला पहिला दिवस दिसतो, म्हणून बहुतेक पैसा तिथेच संपतो. रोजगार हमीत 'बिहार पॅटर्न' म्हणून एक पद्धत वापरली गेली, त्यात ठरावीक रोपं ठरावीक कुटुंबांकडे सोपवून संगोपनाचीही मजुरी मिळते. रोप जगलं तर पैसे, ही अट साधी वाटते पण तीच सगळ्यात जास्त चालते. गावाने स्वतः वर्गणी काढली तरी निम्म्याहून जास्त रक्कम दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यासाठी बाजूला ठेवलेली बरी.

दुसरा शत्रू वणवा. साताऱ्याच्या डोंगरांवर जवळपास दर उन्हाळ्यात आगी लागतात. 'जाळलं की गवत चांगलं येतं' हा समज त्यामागे असतो, कधी नुसती विडी. तीन वर्षं वाढवलेलं रान एका संध्याकाळी जातं. त्यामुळे फेब्रुवारीच्या आत जाळपट्टे काढणं, म्हणजे गवत काढून मोकळी पट्टी तयार करणं, हे रोप लावण्याइतकंच वृक्षारोपणाचं काम आहे. फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

बीजगोळ्यांचा उत्साहही जरा आवरता घ्यावा लागतो. उघड्या कातळावर फेकलेल्या गोळ्यातलं बी मुंग्या नेतात किंवा पहिल्या उघडिपीत ते वाळतं. मुलांना घेऊन एक दिवस मजा म्हणून ठीक. रान मात्र रोपवाटिकेतून किंवा राखणीतून उभं राहतं. अनेक डोंगरांवर तोडलेल्या झाडांची खोडं जमिनीत जिवंत असतात. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी काही वर्षं नीट पाळली तर त्यांनाच धुमारे फुटतात, आणि ते विकतच्या रोपापेक्षा जोमाने वाढतात. त्यांची मुळं आधीच खोल गेलेली असतात.

रोपं लागणारच असतील तर ती गावातच करावीत. स्थानिक झाडाचं बी त्या पावसाला सरावलेलं असतं, आणि ते फुकट असतं. वेळ मात्र पाळावी लागते. काटेसावरीची बोंडं एप्रिलमध्ये फुटायच्या आत काढायची, नाहीतर बी कापसाबरोबर उडून जातं. पळसाच्या पापड्या मे महिन्यात. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात झाडाखालीच मिळतात. बहाव्याचं बी कडक, त्याला बाजूने थोडं घासल्याशिवाय पाणी आत जात नाही. जांभूळ आणि कडुनिंबाचं बी साठवून ठेवायचंच नाही. फळ खाल्लं की त्याच आठवड्यात पिशवीत, कारण काही आठवड्यांतच त्याची उगवण जाते. वड-पिंपळाची रोपं पावसाळ्यात जुन्या भिंतींवर आणि विहिरीच्या कठड्यावर आपोआप येतात, ती मुळासकट अलगद काढून लावता येतात. पावसाच्या तोंडावर वडाची जाड फांदी रोवली तरी ती फुटते.

आणि बाभळीसाठी तर काहीच करावं लागत नाही. शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात, बी पोटातून जाताना मऊ होतं, आणि सकाळी वाड्यात झाडू मारताना लेंड्यांबरोबर ते गोळा होतं. हे बी चांगलं उगवतं. मे महिन्यात एखाद्या शेळीवाल्याकडे पाटी घेऊन जायचं, एवढंच.